घरातल्या वस्तू बाहेर कधी पडतात?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजच्या कार्यक्रमाच्या फलकावर ‘घर आवरण्याच्या युक्त्या’ असं लिहिलंय. युक्त्या सांगेन, पण थोड्याच. मला बोलायचंय ते वेळेबद्दल. कुठली वस्तू कधी हातात घ्यायची हे जमलं, की ती कशी काढायची याला फार डोकं लागत नाही.

घरात वस्तू रोज येतात. पार्सलातून, मुलांच्या दप्तरातून, कुणी भेट दिली म्हणून, कुठे काही फुकट मिळालं म्हणून. बाहेर मात्र पडतात वर्षातून एकदा, सगळ्यांनी मिळून कंबर कसली तरच. त्या दिवशी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी उत्साह, दुपारी पलंगावर ढीग, आणि संध्याकाळी तोच ढीग नव्या पिशव्यांत घालून पुन्हा माळ्यावर. यात आळस कुणाचाच नसतो. एका दिवसात शेकडो वेळा ‘ठेवू की काढू’ ठरवायचं, म्हणजे चार वाजेपर्यंत डोकं एकच उत्तर देऊ लागतं: राहू दे.

त्यात आपलं मन आपल्याच विरुद्ध उभं असतं. 1990 साली कानमन, नेच आणि थेलर या अभ्यासकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना साधे मग दिले आणि विचारलं, कितीला विकाल? ज्यांना दिले नव्हते त्यांना विचारलं, कितीला घ्याल? विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. तेच साधे मग, हातात येऊन थोडाच वेळ झालेले. तर आपल्या कपाटात पंधरा वर्षं बसलेल्या वस्तूचं काय! म्हणून ‘हे टाकू का?’ असं मनाला विचारायचंच नाही. ‘हे आज घरात नसतं, तर मी मुद्दाम आणलं असतं का?’ असं विचारा. उत्तर बऱ्याचदा लगेच येतं.

आता वेळेकडे येतो. स्वेटर कधी निवडायचे? बहुतेक घरांत थंडी सुरू होताना गाठोडं खाली येतं आणि तेव्हा निवड होते. तेव्हा सगळंच लागेल असं वाटतं, कारण पुढची सगळी थंडी अंदाजाची असते. तेच थंडी संपताना करा. कुठला स्वेटर एकदाही अंगावर चढला नाही, हे तेव्हा समोर दिसतं. मुलाचे हात बाहीतून किती बाहेर आलेत तेही दिसतं. शिवाय त्या वेळी दुसऱ्याला दिलेला कपडा त्याला पुढच्या थंडीपर्यंत वेळेत पोचतो. ठेवायचे ते मात्र धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा. घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर कसर आधी येते.

हाच नियम सगळीकडे लावा. वस्तूचा हंगाम संपला की तिचा निकाल. शाळेचं वर्ष संपलं त्याच आठवड्यात वह्या-पुस्तकं. प्रवासाहून आल्यावर बॅग रिकामी करतानाच, जे नेलं आणि वापरलं नाही ते. आजारपण संपलं की उरलेली औषधं. हे वर्षभर आपोआप विखुरलं जातं आणि एका वेळचं काम तासाभराच्या वर जात नाही.

औषधांवर जरा थांबतो, कारण तिथे पसारा नुसता दिसायला वाईट नसतो, धोक्याचा असतो. डोळ्यांत घालायचे बरेचसे थेंब बाटली उघडल्यावर साधारण 4 आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात, बाटलीवरची तारीख पुढची असली तरी. उरलेली अँटिबायोटिक्स ‘पुढच्या वेळी उपयोगी पडतील’ म्हणून ठेवू नका. आणि औषधांचा डबा न्हाणीघरात नको; उष्णता आणि दमटपणा दोन्ही तिथेच.

बंद खेळणी, जुने रिमोट ठेवून देताना त्यातले सेल काढा. आत राहिलेला सेल गळतो आणि चांगली वस्तूही खराब करतो. खरेदीच्या पावत्या ज्या गुळगुळीत कागदावर येतात तो उष्णतेनं काळा होणारा कागद असतो, म्हणून हमी संपायच्या आतच अक्षरं उडतात. पावती आली त्या दिवशी फोटो काढा. लॅमिनेशन करू नका, ती पूर्ण काळी पडेल!

डबे, टोपल्या, कप्पे यांबद्दल एवढंच सांगतो, की ते शेवटी आणायचे. जपानी कारखान्यांतून जगभर गेलेली ‘फाइव्ह एस’ नावाची पद्धत आहे, तिची पहिली पायरी नको ते काढण्याची आहे आणि मांडणी दुसरी. आपण उलट करतो. आधी सुंदर डबे आणतो, मग त्यांत काय भरायचं ते शोधतो.

आता कुटुंब. 2001 ते 2005 या काळात लॉस एंजेलिसमध्ये संशोधकांनी मध्यमवर्गीय 32 कुटुंबांची घरं बारकाईनं पाहिली. गाडीसाठी बांधलेल्या गॅरेजांपैकी जेमतेम पाव भागात गाडी ठेवता येत होती, बाकी सामान. त्याच कुटुंबांवरचा एक अभ्यास 2010 साली आला. ज्या स्त्रिया आपल्या घराबद्दल बोलताना पसारा, अर्धवट कामं असे शब्द जास्त वापरत होत्या, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, दिवसभरात उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हा संबंध तसा आढळला नाही. यावरून पसाऱ्यामुळेच तसं झालं असं म्हणता येणार नाही. पण तोच पसारा एकाला छळतो आणि दुसऱ्याला दिसतही नाही, हे सांगायला मला प्रयोगशाळा लागत नाही. (हशा)

कारण घराची सगळी यादी एका माणसाच्या डोक्यात असते. ‘आई, कात्री कुठंय?’ हा प्रश्न दिवसातून किती वेळा येतो बघा. घर नीट लावलंय की नाही याची माझी कसोटी हीच: ती बाई दोन दिवस घरात नसताना कुणालाही फोन करावा न लागता कात्री सापडते का, आणि जागेवर परत जाते का? म्हणून जागा ठरवताना वापरणारा माणूस समोर हवा. मुलाच्या वस्तू मुलाच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर, आजोबांच्या त्यांना वाकावं लागणार नाही अशा. डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव, वाचता न येणाऱ्यासाठी चित्र.

मुलांची खेळणी कमी करायला आपलाच जीव होत नाही. 2018 च्या एका छोट्या अभ्यासात 36 लहानग्यांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळण्यांसह खेळू दिलं. 4 असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तेव्हा बाकीची डब्यात ठेवा आणि थोड्या थोड्या दिवसांनी बदला.

एक नियम मात्र कडक. दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता काढायची नाही, नवऱ्याचे जुने अंक असोत की सासूबाईंच्या बरण्या. एकदा फसवणूक झाली की माणूस सगळंच घट्ट धरून बसतो. काहींच्या बाबतीत साठवणं हा आजार असतो. 2013 पासून अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात त्याचं स्वतंत्र निदान आहे. चालायला वाट उरली नसेल, तर झाडू बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

एक चिठ्ठी आली आहे. ‘घरातलं माणूस गेलं. त्यांचं कपाट तसंच आहे. कधी उघडायचं?’

याला कॅलेंडर नाही, आणि नातेवाईक म्हणतात म्हणून तर मुळीच उघडू नका. तीनच गोष्टी थांबत नाहीत. औषधं काढून टाका. कागदपत्रं एका फाइलीत गोळा करा. आणि त्यांचा फोन नंबर लगेच बंद करू नका, खात्यांचे ओटीपी त्यावरच येतात. बाकी कपाट वाट पाहील. उघडाल तेव्हा एकट्यानं उघडू नका, आणि आधी कपड्यांचे खिसे तपासा. देववत नसलेल्या वस्तूचा फोटो काढून ठेवा. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, विद्यापीठाच्या वसतिगृहांतल्या दान मोहिमेत असा फोटो काढायला सुचवल्यावर विद्यार्थ्यांनी आठवणीच्या वस्तू जास्त दिल्या होत्या. तरीही एखादी शाल द्यावीशी वाटली नाही, तर ठेवा आणि वापरा.