गड्डा आटोपला की बर्फाकडे

नमस्कार श्रोतेहो. सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे आपली संक्रांतीची यात्रा, आटोपला की आपण सोलापूरकर जरा मोकळे होतो, आणि नेमका तोच काळ हिमालयात बर्फातून चालायला जाण्याचा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. डिसेंबरात मनालीला गेलात तर बर्फ भेटेलच असं नाही. पश्चिमेकडून येणारे विक्षोभ, म्हणजे थंडीत पाऊस-बर्फ आणणारी वादळं, एकापाठोपाठ एक येऊन जातात, तेव्हा कुठे वरच्या उतारांवर चांगला थर साचतो. म्हणून सांगते, गड्डा आधी, बर्फ नंतर.

आज मनाली आणि तिच्या डोक्यावरच्या सेथन गावाबद्दल बोलायचंय. मनाली साधारण २,०५० मीटरवर, सेथन २,७०० च्या आसपास. आपलं सोलापूर साडेचारशे मीटरवर! तेव्हा बसमधून उतरल्याबरोबर वर पळू नका. एक दिवस मनालीत काढा, बाजारात हिंडा, भरपूर पाणी प्या. डोकं दुखलं, मळमळलं, तर वर जायचं नाही. थांबूनही त्रास वाढत गेला तर खाली उतरायचं.

सेथनच्या वर मऊ बर्फात नुसत्या बुटांनी चाललं तर पाय गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणून स्नोशू. बुटाखाली सुपाएवढी रुंद चौकट बांधायची, खाली पोलादी दात. वजन पसरतं, पाय वर राहतो. मनालीत भाड्यानं मिळतात, वाटाड्याही मिळतो. शिकायला अर्धा तास पुरतो. फक्त पाय थोडे फाकवून टाकायचे आणि मागे पाऊल घ्यायचं नाही. मागचं टोक बर्फात अडकतं आणि माणूस आडवा होतो. वळायचं असेल तर गोल फिरून वळायचं.

आता मावशींची गोष्ट सांगते. ही सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

आमच्या भागात कडक भाकरी करून विकणाऱ्या एक मावशी आहेत. साठीच्या जवळ आलेल्या. आमचा गट मनालीला निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "मला बी न्या, बर्फ बघायचाय." गटातल्या पोरांची तोंडं उतरली. मावशी मागे राहणार, सगळ्यांना थांबावं लागणार, असं त्यांच्या मनात. त्यात मावशींच्या सामानात मंगळवेढ्याकडची काळी घोंगडी, कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणीचा डबा. पोरांच्या अंगात जीन्स, सुती बनियन, सुती मोजे.

सकाळी नऊला सेथनहून निघालो. आमचा वाटाड्या तिथलाच तरुण. निघण्याआधी त्यानं सगळ्यांना गोळा केलं आणि एकच वाक्य बोलला, "साढ़े बारह बजे जहाँ होंगे, वहीं से वापस." पोरांनी माना डोलावल्या. मावशींनी मात्र मला विचारून घेतलं, "साडेबाराला माघारी म्हणाला न्हवं?"

मावशी चालल्या कशा, ते बघण्यासारखं होतं. बोलणं नाही, धावणं नाही, एक लय धरलेली. पोरं पन्नास पावलं पळायची, धापा टाकत थांबायची, घाम पुसायची. अकरा वाजेपर्यंत मावशी वाटाड्याच्या मागे पहिल्या नंबरावर होत्या. पोरांची बनियनं घामानं आतून ओली, जीन्स बर्फानं बाहेरून ओली.

साडेबारा वाजले तेव्हा समोर एक धार दिसत होती. दहा मिनिटांची चढण, फार तर पंधरा. तिथून पलीकडची शिखरं दिसणार होती. पोरं हट्टाला पेटली. "भैया, दस मिनिट!" वाटाड्या काही बोलेना. माझ्याकडे बघू लागला. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशींनी गोल फिरून स्नोशू वळवले आणि उताराला लागल्या. एक पोरगं ओरडलं, "मावशी, इतक्या जवळ आलोय!" त्या न थांबता म्हणाल्या, "डोंगर काय पळून जातोय व्हय रे? येळ ठरली हुती न्हवं?"

त्या निघाल्या म्हटल्यावर बाकीच्यांना निघावंच लागलं. दीडच्या सुमाराला ढग खाली उतरले. मघाची धार दिसेनाशी झाली, मग आमच्याच पावलांच्या खुणाही पुसट झाल्या. वारा सुटला. सगळ्यात पुढे पळणारा जो पोरगा, त्याची जीन्स गोठून ताठ झाली आणि दातावर दात आपटायला लागले. बोलताना जीभ अडखळायला लागली. वाटाड्यानं त्याला एका खडकाच्या आडोशाला बसवलं, ओलं बनियन काढायला लावलं, पिशवीतला कोरडा लोकरी स्वेटर घातला. मावशींनी वरून घोंगडी गुंडाळली. थर्मासमधला गोड चहा पाजला. पोरांजवळची चॉकलेटं दगड झाली होती, पाण्याच्या बाटल्यांची तोंडं गोठली होती. कडक भाकरीला काय होणार? तिच्यात पाणीच नसतं! मावशींनी ती कुस्करली, शेंगाचटणी टाकली आणि त्या पोराला स्वतःच्या हातानं भरवली. वीस मिनिटांत तो नीट बोलायला लागला. उजेड असतानाच आम्ही सगळे सेथनला पोचलो. त्या धारेवर गेलो असतो तर ढग आम्हाला वर गाठणार होते, हे नकाशा न बघताही कळत होतं.

तर श्रोतेहो, यातल्या दोन गोष्टी पुन्हा सांगते. एक, माघारी फिरायची वेळ घरातून निघतानाच ठरवा, आणि ती वाजली की फिरा. समोर काहीही दिसत असू दे, फिरा. या दिवसांत तिकडे सहाच्या सुमाराला मावळतं, आणि दरीत ऊन त्याच्या कितीतरी आधी डोंगराआड जातं. दोन, अंगाला सुती कापड नको. आपलं गाव सुतावर उभं आहे, चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे. पण सूत ओलं झालं की त्याच्यातली हवा जाते आणि ते अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरते. आत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचं, मधे लोकर, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. आणि चढताना घाम यायच्या आधी एक थर काढायचा.

लोकरीचं निघालंच आहे तर बोलते. आपल्या जिल्ह्यात धनगरांनी विणलेली घोंगडी मिळते, आणि आपण प्लॅस्टिकच्या धाग्याची ब्लँकेटं विकत घेतो. मेंढ्यांची लोकर कवडीमोल जाते. घरटी एक घोंगडी घेतली तरी कितीतरी मागांना काम मिळेल. शाळेच्या सहलींना तर ती सक्तीची करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

असो. हिमस्खलनाचं महत्त्वाचं. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सगळ्यात धोक्याचे. मोठा बर्फ पडून गेल्यावर दोन दिवस अशा उतारांवर आणि त्यांच्या खालीही जायचं नाही. पाय ठेवल्यावर बर्फातून 'धप्प' असा पोकळ आवाज आला, तर खालचा थर कच्चा आहे. आल्या वाटेनं परत. चंडीगडची संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, हवामान खातं बर्फाचे. दोन्ही बघा, आणि वाटाड्या नको म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका.

गॉगल हवाच. ताजा बर्फ उन्हातले अतिनील किरण बहुतेक सगळे परत फेकतो, डोळे भाजतात. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, तोंड मोकळं राहतं. इन्शुलिन घेत असाल तर ते अंगालगतच्या खिशात, गोठलं की वाया गेलं. रक्तदाबवाल्यांनी जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. तयारीला डोंगर नाही म्हणून अडू नका. महिनाभर आधीपासून पाठीवर पाच किलोची पिशवी घेऊन जिने चढा आणि उतरा. उतराही, कारण गुडघे उतरतानाच बोलतात.

कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरहून थेट दिल्लीला नेते, पुढे रात्रीची बस. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला जायचं तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच तिकीट काढावं लागेल. परतीच्या तिकिटाआधी मनालीत एक दिवस मोकळा ठेवा. बर्फानं रस्ता बंद झाला तर तो दिवस कामी येतो, आणि नाही झाला तर सेथनला अजून एकदा जाता येतं. नमस्कार.