फॅट, उतारा आणि आशाताईचे अडीचशे रुपये

नमस्कार श्रोतेहो.

काम बघून दाम, ही रीत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. पहाटे किटली घेऊन डेअरीवर गेलं की फॅट लागते, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग, लागतो, त्यावर दर ठरतो. उसाचंही तेच. एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, उसातून निघणाऱ्या साखरेच्या उताऱ्याला बांधलेली. गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांच्या आरोग्यसेवेतही असाच हिशेब असतो. त्याला म्हणतात कामावर आधारित मोबदला. मी तीस वर्षं आरोग्य सेविका होते. आशाताईंचे, म्हणजे गावात घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांचे, मोबदल्याचे फॉर्म माझ्या हातून गेलेत, म्हणून आज त्यावर बोलते.

डेअरीचा विषय निघालाच आहे, तर एक सांगते. सगळं दूध डेअरीला घालून गरोदर सुनेला चहापुरतं ठेवणारी घरं मी खूप बघितली. म्हशीला सरकी पेंड चुकत नाही, सुनेचं पेलाभर दूध मात्र चुकतं. आधी तिचा पेला भरा, मग किटली.

तर मोबदला. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली. त्यात खेड्यातल्या आशाताईला एका लाभार्थी बाईमागे सहाशे रुपये. तीनशे गरोदरपणातल्या तपासण्या करवून घेण्याचे, तीनशे दवाखान्यात बाळंतपण घडवून आणण्याचे. पुढे 2011 मध्ये घरी जाऊन नवजात बाळ बघायचं काम आलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा भेटी. दिवस ऐका: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. सहा भेटींचे मिळून अडीचशे रुपये. पण अटी होत्या. कार्डावर जन्माचं वजन हवं, लसी हव्यात, जन्माची नोंद हवी. आणि शेवटची अट, आई आणि बाळ बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सुखरूप हवीत.

ही शेवटची अट लक्षात ठेवा. सुखरूप हवीत.

साल 2013, राधानगरी तालुका, आषाढातला पाऊस. माझ्या उपकेंद्राच्या एका आशाताईकडे त्या महिन्यात दोन बाळं होती. एक तिच्याच गल्लीतलं. तीन किलोचं, गुटगुटीत. ही दारात गेली की चहा पुढं यायचा, बाळाला झोळीच्या काट्यात घालायचं, ताप बघायचा, कार्डावर लिहायचं, अर्ध्या तासात घरी. सहाच्या सहा भेटी झाल्या.

दुसरं बाळ धनगरवाड्यावरचं. जन्माचं वजन एक किलो सातशे. आठ दिवस काचेच्या पेटीत राहून घरी आलं. वाड्यावर जायचं तर दीड तासाची चढण, मधे ओढा, आणि त्या पावसात जळवा. आशाताई डोक्यावर इरलं घेऊन निघायची. काटा, थर्मामीटर आणि फडकी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून छातीशी धरायची.

पहिल्या दिवशी पोचली तेव्हा आजी बाळाला न्हाऊ घालायच्या तयारीत होती. हिनं हात जोडून थांबवलं. बाळाचे तळवे गार होते. आईच्या उघड्या छातीवर बाळ ठेवलं, वरून लुगड्यानं दोघांना बांधलं. दूध पिळून वाटीत काढलं आणि चमच्यानं थेंब थेंब पाजलं. आजी बाजूला बसून सगळं बघत होती. दुसऱ्या खेपेला आजीनंच बाळ सुनेच्या छातीला बांधून ठेवलेलं!

फॉर्मवर चौकटी सहाच. पण ही दोन दिवसांआड जात राहिली. मी म्हटलं, "अगं, एवढ्या खेपा कुठल्या चौकटीत लिहिणार?" तर म्हणाली, "सिस्टर, ते दूध ओढतंय का बघायला नको व्हय?"

एकविसाव्या दिवशी काटा एक किलो नऊशेवर आला. ही परस्पर माझ्याकडं आली, भिजलेली, आणि दारातूनच तो आकडा ओरडून सांगितला.

सव्विसाव्या रात्री ओढा चढला. बाळानं दूध ओढायचं सोडलं. वाड्यावर फोनला रेंज नाही, उतरायला वाट नाही. सकाळी पाणी ओसरल्यावर बाळाचा आजा खाली आला, तेव्हा सगळं संपलं होतं.

महिनाअखेरीला दोन्ही फॉर्म माझ्या टेबलावर आले. गल्लीतल्या बाळाचे अडीचशे रुपये. धनगरवाड्याच्या बाळाचं काही नाही, कारण बाळ सुखरूप नव्हतं. मी नियम वाचून दाखवला. पैशाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, "वजन वाढलं हुतं सिस्टर. दोनशे ग्रॅम. ते कुठंतरी लिवा."

मी ते समासात लिहिलं. समासाला दर नसतो.

ज्याचे पैसे, ते वाढतं, हे खरं आहे. आफ्रिकेतल्या रवांडा देशानं 2006 पासून आरोग्य केंद्रांना कामागणिक पैसे दिले. 2011 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की दवाखान्यातली बाळंतपणं 23 टक्क्यांनी वाढली. पण गरोदरपणातल्या चारही तपासण्या पुऱ्या करणाऱ्या बायका वाढल्या नाहीत. तिथं बाळंतपणाचा दर मोठा, तपासणीचा अगदी थोडका. म्हणून माझं म्हणणं, मोबदला जरूर द्या, वेळेवर द्या, पण दर लावताना चढण मोजा. गेलेल्या खेपेचे पैसे द्या. बाळ जगलं की नाही हे आशाताईच्या एकटीच्या हातात नसतं. पावसाच्याही हातात असतं, रस्त्याच्याही असतं.

आता तुमच्यासाठी. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि सव्वा महिन्यानं लेक सासरी जाते. बेचाळिसावा दिवस नेमका त्या धावपळीत हुकतो. निघायच्या आधी सासरच्या आशाताईला फोन करा, कार्ड पिशवीत सगळ्यात वर ठेवा. दिवस परत सांगते, लिहून घ्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. आणि उंबऱ्याशी ती काटा घेऊन उभी राहिली तर नजर लागंल म्हणून बाळ आत नेऊ नका. दुपटं सोडा, बाळ तिच्या हातात द्या, आणि वजन किती भरलं ते तुम्हीही वाचा.

नमस्कार.