चूक कुठे कळते? सोपी भाषा आणि रोज वापरातलं अ‍ॅप

(ठाण्यात प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, 'अ‍ॅप बनवायचंय, कुठली भाषा घेऊ?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: पायथन घे, सोपी आहे. शिकायला ती सोपी आहेच. पण भाषा निवडताना तिला एक प्रश्न जरूर विचारा. माझी चूक मला कुठे कळणार? टाइप करताना, चालवून बघताना, की अ‍ॅप दुसऱ्याच्या हातात गेल्यावर?

सोप्या भाषांना नाकं मुरडणाऱ्यांचं मला पटत नाही. विज्ञान-गणिताबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून प्राध्यापक केमेनी आणि कर्ट्झ यांनी 1964 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात बेसिक ही भाषा तयार केली. तिच्याच घराण्यातली व्हिज्युअल बेसिक 1991 मध्ये आली आणि दुकानांची बिलं, मालाच्या नोंदी, पगारपत्रकं तिच्यात लिहिली गेली. सोप्या भाषेत खरं काम होतं, यावर आता वाद नको.

वाद चुकांचा आहे. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या 84 फ्लॅटच्या सोसायटीचं मेंटेनन्स बिल पायथनमध्ये करतोय असं धरा. पायथन 3 मध्ये व्हेरिएबलचं (आकडा किंवा मजकूर, म्हणजे 'किंमत', साठवायच्या जागेचं) नाव देवनागरीतही चालतं. तुम्ही 'थकबाकी' असं नाव ठेवलंत आणि पुढे एका ओळीत घाईत लिहिलंत: थकबाकि = थकबाकी + 500. शेवटची वेलांटी ऱ्हस्व झाली. पायथन काहीच बोलत नाही. 'थकबाकि' नावाचं नवं व्हेरिएबल तयार होतं, पाचशे रुपये तिथे जमा होतात आणि मूळ थकबाकी जागच्या जागी राहते. बिल छापून येतं, फक्त चुकीचं. शिवाय ही ओळ कुणी पैसे थकवले तरच चालते. पहिले दोन महिने सगळ्यांनी वेळेवर भरले, तर चूक तिसऱ्या महिन्यात सभासदाच्या दारात पोचते.

कोटलिन, जावा किंवा सी शार्प या भाषांमध्ये हीच ओळ कंपाइलच होत नाही, म्हणजे चालवण्याजोगा प्रोग्रामच बनत नाही, कारण तिथे व्हेरिएबल आधी जाहीर करावं लागतं. व्हिज्युअल बेसिकमध्येही फाइलच्या माथ्यावर 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' लिहिलं की तोच पहारा बसतो. पायथनमध्ये हा पहारा आपण बसवायचा: सगळा कोड फंक्शनमध्ये (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यात) लिहा आणि रफ किंवा पायलिंट हे कोड तपासणारं साधन चालवा. 'किंमत दिली, पण कुठे वापरली नाही' असा इशारा येतो. फंक्शनबाहेरच्या व्हेरिएबलबद्दल हा इशारा येत नाही, म्हणून फंक्शनचा आग्रह.

पैशांचं पुढे ऐका. पायथनमध्ये 0.1 आणि 0.2 यांची बेरीज 0.30000000000000004 येते. हा दोष पायथनचा नाही. दशांश अपूर्णांक बायनरीत (0 आणि 1 च्या रूपात) साठवणाऱ्या बहुतेक भाषांत हेच होतं. त्याहून चोरटा आहे 'राउंड', म्हणजे आकडा पूर्णांकात आणणारा पायथनचा हुकूम. 1862.50 चे तो 1862 करतो आणि 1863.50 चे 1864, कारण बरोबर अर्ध्यावर आला की तो सम आकड्याकडे झुकतो. एका फ्लॅटचे पन्नास पैसे कमी, दुसऱ्याचे पन्नास जास्त, आणि खजिनदारांचा ताळा बसत नाही. रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून साठवा, किंवा पायथनचा दशांश अचूक साठवणारा डेसिमल प्रकार वापरून 'राउंड हाफ अप' (अर्धा आला की वर) स्पष्ट लिहा.

मराठीचं वेगळंच. 'ठाणे' या शब्दाची लांबी पायथन 4 सांगतो, कारण काना आणि मात्रा तो स्वतंत्र मोजतो. लांबी मोजून रकाने जुळवाल तर बिल वाकडंतिकडं छापलं जाईल. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये उघडल्यावर नावांच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसला, तर फाइल लिहिताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) 'यूटीएफ-8-सिग' द्या.

सगळ्यात जास्त रडवतं ते अ‍ॅप दुसऱ्याला देणं. पायइन्स्टॉलर या साधनाने एकच ईएक्सई (डबल क्लिकने चालणारी फाइल) बनवता येते, पण विंडोजची विंडोजवरच. ती चालवली की आतल्या फाइली एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतात आणि अ‍ॅप बंद होताच ते फोल्डर पुसलं जातं. तुमची एसक्यूलाइटची (छोट्या डेटाबेसची) फाइल कोडशेजारी ठेवलेली असेल, तर दिवसभराच्या नोंदी तिच्याबरोबर जातात. डेटा वापरणाऱ्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये ठेवा.

सभासदांना फोनवर नुसतं बिल बघायचं असेल, तर पायथनमधलं साधं वेब पान पुरतं. नेटवर्क नसतानाही चालणारं, कॅमेरा वापरणारं अँड्रॉइड अ‍ॅप हवं असेल, तर मी सरळ कोटलिन सांगेन. गूगलने 2017 मध्ये तिला अँड्रॉइडसाठी अधिकृत पाठिंबा दिला. सुरुवातीचे आठवडे ती जड जाते, पण 'इथे किंमतच नसेल तर काय?' हे ती लिहितानाच विचारते.

आणि पेनड्राइव्ह सेक्रेटरींच्या हातात देण्याआधी पायथन नसलेला एखादा संगणक शोधा. त्यावर एका थकबाकीदाराचं बिल काढा, अ‍ॅप बंद करा, पुन्हा उघडा, आणि ते बिल तिथेच आहे का बघा.