पुस्तकांचा शेजार

(दृश्य: टेबलावर एक जाडजूड पुस्तक, त्याच्यावर एक बारीकसं.)

'वॉर अँड पीस' म्हणजे एक. 'पेद्रो पारामो' म्हणजेही एकच.

पहिलं बाराशे पानांच्या पुढचं. दुसरं दीडशेच्या आत आटपणारं. वर्षभराच्या वाचन चॅलेंजमध्ये मात्र दोघांना सारखाच मान. पुस्तक संपलं, खूण केली, आकडा एकनं वाढला.

ही पद्धत आता वाचणाऱ्यांच्या चांगलीच ओळखीची झाली आहे. जानेवारीत आकडा जाहीर करायचा. महिन्याला एक धरलं तर बारा, आठवड्याला एक धरलं तर बावन्न. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळानं 2011 साली आपलं चॅलेंज सुरू केलं आणि वर्षाचा हिशेब मांडणं वाचकांच्या अंगवळणी पडत गेलं. 2015 मध्ये बुक रायट या पुस्तकांवरच्या संकेतस्थळाचं 'रीड हार्डर' हे चॅलेंज आलं. तिथे नुसत्या आकड्यावर भागत नाही. चोवीस अटी असतात, आणि त्या मुद्दाम आपल्या नेहमीच्या वाटेवरून खाली उतरवणाऱ्या.

आम्ही काही जणांनी दोन्हींची सरमिसळ केली. वर एक नियम पदरचा घातला. पुस्तक मिटलं की दुसरं उघडायच्या आधी वहीत प्रतिक्रिया लिहायची. परीक्षण नको. कथानक नको. लेखकाची थोरवी तर नकोच. वाचताना आपलं काय झालं, तेवढंच.

(दृश्य: वहीची पानं उलटताना. काही पानं गच्च भरलेली, काहींवर दोनच ओळी.)

आकड्याबद्दलचं माझं मत आधीच सांगून टाकते. आकडा माणसाला बैठक देतो, हे खरं. पण तो माणसाला थोडं लबाडही करतो. वर्ष उताराला लागलं की हात आपोआप बारीक पुस्तकांकडे जातो. एकांकिका अचानक फार महत्त्वाच्या वाटू लागतात. कवितासंग्रहांचे चाहते वाढतात. यात चूक काहीच नाही, फक्त त्याला वाङ्मयीन कारणं देऊ नयेत.

मला या खटाटोपातून मिळालं ते आकड्याच्या बाहेरचं होतं. अटींमुळे अशी पुस्तकं एकापाठोपाठ आली, जी मी आपणहून कधी एकत्र घेतली नसती. शेजारी राहायला आलेली माणसं हळूहळू एकमेकांच्या घरात डोकावू लागतात, तसं त्यांचं झालं. आणि माझ्या वहीतल्या प्रतिक्रिया एका पुस्तकाच्या उरल्याच नाहीत.

(दृश्य: 'थिंग्ज फॉल अपार्ट'चं मुखपृष्ठ. नंतर 'स्मृतिचित्रे'.)

'आफ्रिकेतल्या लेखकाचं पुस्तक' या अटीखाली चिनुआ अचेबेंची 'थिंग्ज फॉल अपार्ट' घेतली. 1958 सालची कादंबरी. नायजेरियातला इग्बो समाज, उमुओफिया नावाचं गाव, आणि ओकोंक्वो नावाचा पैलवान गडी. बापासारखा दुबळा ठरू नये, या एका भीतीवर त्याचं सगळं आयुष्य उभं आहे.

त्याच्या घरी इकेमेफुना नावाचा मुलगा राहतो. दुसऱ्या गावानं भरपाई म्हणून दिलेला. तीन वर्षं राहतो, ओकोंक्वोला बाप म्हणू लागतो. आणि एक दिवस देववाणी होते की याला मारा. गावातला एक म्हातारा ओकोंक्वोला बजावून जातो: तो तुला बाप म्हणतो, तू यात हात घालू नकोस. तरी शेवटचा घाव ओकोंक्वोच घालतो. मुलगा वाचवा म्हणून त्याच्याकडेच धावत आलेला असतो.

इथे मला चिलया बाळ आठवला. श्रियाळ राजा, चांगुणा, दारात आलेला अतिथी आणि उखळातलं ते कांडण. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपण रडतो, पण आतून निर्धास्त असतो. शेवटी शंकर प्रसन्न होणार आणि बाळ हाकेला ओ देणार, हे ठाऊक असतं. अचेबे बाळ परत देत नाहीत. प्रकरण संपतं, पुढचं सुरू होतं. मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. वहीत फक्त लिहिलं, 'कुणी प्रसन्न झालं नाही.'

या खुनानं ओकोंक्वोचा सख्खा मुलगा न्वोये आतून तुटतो. पुढे मिशनरी येतात, त्यांच्या गाण्यात त्याला काहीतरी सापडतं आणि तो ख्रिस्ती होतो. बाप त्याला कायमचा टाकतो.

पुढची अट होती 'आत्मचरित्र'. मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' उचललं. शाळेत एखादा उतारा वाचलेला असतो, आणि तेवढ्यावर पुस्तक वाचल्यासारखं वाटत राहतं. अख्खं वाचायचं राहून गेलेल्यांच्या यादीत हे पुस्तक बरंच वर असणार.

1895 साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. मागे राहिली ती बायको, लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्यानं पछाडलेल्या बापाच्या घरात वाढलेली, शाळा न पाहिलेली. नवरा जिवंत आहे, पण जातीबाहेर गेला आहे. पदरी लहान मूल. पुढची काही वर्षं ती आणि टिळक वेगळे राहतात. मग ती त्यांच्याकडे परत जाते, तीही आपला धर्म न सोडता. 1900 साली बाप्तिस्मा घेते, स्वतःचं स्वतः ठरवून.

अचेबेंच्या लगोलग हे वाचलं नसतं तर मला एक गोष्ट दिसली नसती. न्वोये घर सोडतो, तेव्हा त्याच्या आईचं काय झालं? अचेबेंच्या कादंबरीत या बाईला नावसुद्धा नाही. पुस्तकभर ती 'न्वोयेची आई' आहे. मुलगा धर्म बदलतो, नवरा संतापानं पेटतो, आणि ती कुठेतरी मागच्या अंगणात. माझ्या मते अचेबेंनी हे विसरून केलेलं नाही. ओकोंक्वोच्या जगात तिला जेवढी जागा, तेवढीच पुस्तकात. पण लक्ष्मीबाई समोर आल्या आणि मला त्या मागच्या अंगणातलं ऐकू यायला लागलं. मागे राहिलेलं माणूस इथे स्वतः बोलतंय. आणि कसं! रडायच्या जागी हसवतंय. नवऱ्याच्या विक्षिप्तपणाची टिंगल, स्वतःच्या अडाणीपणाची त्याहून जास्त. दुःख सांगताना बाई आवाज चढवत नाहीत, हे मला फार मोठं वाटलं.

अचेबेंच्या शेवटच्या परिच्छेदात एक गोरा डिस्ट्रिक्ट कमिशनर आहे. ओकोंक्वोची शोकांतिका नुकतीच घडून गेलेली असते. कमिशनरसाहेब स्वतःचं पुस्तक लिहिणार असतात. त्यांच्या मनात येतं की या माणसावर एक प्रकरण लिहिता येईल. प्रकरण नाही तरी एक बऱ्यापैकी परिच्छेद. आपण दोनशे पानं ज्याच्यासोबत राहिलो, तो माणूस परिच्छेदात बसवला जातो.

आमच्यातल्या एका मैत्रिणीनं या पुस्तकावर एकच ओळ लिहिली होती, 'नायक आवडला नाही.' मी तिच्याशी कडाकडा भांडले. आवडण्यासाठी तो लिहिलेलाच नाही, असं माझं म्हणणं. ती म्हणाली, नियम तूच केलास ना, वाचताना काय झालं ते लिहायचं? मग, नाही आवडला. तिचंही बरोबर होतं.

(दृश्य: ओसाड माळ. वाऱ्याचा आवाज.)

आता ते दीडशे पानांचं पुस्तक. हुआन रुल्फो या मेक्सिकन लेखकाची 'पेद्रो पारामो'. मरत्या आईला दिलेल्या शब्दाखातर एक तरुण बापाला शोधत कोमाला नावाच्या गावी जातो. गाव रिकामं. पण आवाज भरपूर. हळूहळू लक्षात येतं की इथे जो भेटतो तो मेलेला आहे. आणि साधारण मध्यावर कळतं की आपल्याला हे सांगणाराही जिवंत नाही.

तिथून मी सरळ पहिल्या पानावर गेले. म्हणजे बारीक पुस्तक निवडून वेळ वाचवायचा बेत तिथेच बारगळला.

हे पुस्तक 1955 सालचं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पुस्तकरूपात आली तीही 1955 सालीच. 'एकाच वर्षी आलेली दोन पुस्तकं' ही अट कुणी सुचवली होती ते आठवत नाही, पण त्या व्यक्तीचे आभार. एकीकडे मेक्सिकोतलं उजाड गाव, दुसरीकडे माणदेशातली धनगरांची वाडी. दोन लेखकांनी एकमेकांचं वाचलं असण्याचा प्रश्नच नाही. तरी दोन्हीकडे शेवटी माणसं उरत नाहीत.

फरक मोठा आहे. रुल्फोचं गाव एका माणसाच्या सूडानं मरतं. बनगरवाडी पावसाअभावी रिकामी होते, त्यात कुणाचा दोष नाही. तरुण मास्तर येतो, पोरं जमवतो, तालीम उभी करतो. वाडीनं त्याला आपला म्हणेपर्यंत आपणही वाडीचे झालेलो असतो. मग दुष्काळ. मेंढरं मरतात, माणसं वाट धरतात. माडगूळकर हे इतक्या कमी शब्दांत सांगतात की हळहळायला सवडच मिळत नाही, ती नंतर मिळते. मास्तरही बाहेरून आलेला, शिकलेला, लिहिणारा माणूस. मला राहून राहून तो कमिशनर आठवत होता. मास्तरानं कुणालाच परिच्छेदात बसवलं नाही.

(दृश्य: पुन्हा ते जाडजूड पुस्तक. पानांत खुणेचे बरेच कागद.)

'वॉर अँड पीस'च्या टॉलस्टॉयबद्दल थोडक्यात, कारण त्याच्याबद्दल लांबण लावणारे पुष्कळ आहेत. लढाईची वर्णनं मला जड गेली. त्यातही बोरोदिनोच्या रणांगणावर पांढरी टोपी आणि हिरवा कोट घालून फिरणारा पिएर भेटतो, तिथे जीव रमतो. तोफा चालल्या आहेत आणि हा साहेबी थाटात बघायला आलाय! दुसऱ्या उपसंहारातलं इतिहासावरचं प्रवचन मी चाळलं. होय, चाळलं, आणि तरी खूण केली.

पण एक प्रसंग सगळ्या पानांची भरपाई करतो. मॉस्को सोडायची वेळ येते. रोस्तोव्ह कुटुंबाच्या गाड्यांवर घरचं सामान चढलेलं असतं आणि जखमी सैनिक अंगणात पडलेले असतात. घरची मुलगी नताशा आईवर अक्षरशः ओरडते. मग गाड्या रिकाम्या होतात, सामान खाली, जखमी वर. ज्या नोकरांनी मघाशी मन लावून सामान भरलं, तेच आता तितक्याच उत्साहानं उतरवतात. एवढ्या मोठ्या युद्धाच्या पुस्तकातून माझ्याबरोबर आल्या त्या या गाड्या.

(दृश्य: जहाजाचा जुना फोटो. त्यानंतर वहीचं एक कोरं पान.)

वर्षाच्या शेवटाकडे दोन पुस्तकं अशी आली की माझी वही कोरी राहिली. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' आणि ॲन फ्रँकची डायरी.

'रणांगण' 1939 सालची. युरोपातून पूर्वेकडे निघालेलं जहाज, त्यावर जर्मनी सोडून निघालेले ज्यू, आणि हर्टा व चक्रधर यांचं ते अवघडलेलं प्रेम. बेडेकरांनी हे लिहिलं तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय हे जगाला कळलेलं नव्हतं. आपल्याला ते कळलेलं आहे. त्यामुळे डेकवरचं साधं बोलणंसुद्धा सरळ वाचता येत नाही. जहाज सुटतंय याचा आनंद मानावा, तर बंदरात यांना उतरू कोण देणार हा प्रश्न उभा.

डायरीचं उलट. तिथे लिहिणारीलाच आपल्या पुस्तकाचा शेवट ठाऊक नाही. मार्च 1944 मध्ये रेडिओवर एका मंत्र्याचं भाषण होतं: युद्धकाळातल्या डायऱ्या, पत्रं जपून ठेवा. ते ऐकून ॲन आपलीच डायरी पुन्हा नीट लिहायला बसते. पुढे छापायची म्हणून वाक्यं सुधारते, नको ते गाळते. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, लपून राहिलेली, आणि हातात संपादन! शेवटची नोंद 1 ऑगस्ट 1944 ची. 4 तारखेला पोलीस येतात. पुस्तक 1947 साली निघालं.

गटात विचारणा झाली, प्रतिक्रिया कुठे आहे? दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकानं 1992 साली वाचकाचे दहा हक्क सांगितले होते. त्यातला पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क सगळ्यांना पाठ असतो, चॅलेंजवाल्यांना तर विशेष. दहावा हक्क आहे गप्प राहण्याचा. मी तो बजावला. गटानं मान्य केला, फक्त अट घातली की तो वर्षातून एकदाच वापरायचा. दोन पुस्तकं आहेत, असं मी म्हणाले. त्यावर मतदान झालं आणि मी हरले. डायरीवर लिहावं लागलं. जे लिहिलं ते वरचंच, त्या मुलीच्या संपादनाबद्दल.

(दृश्य: नवी वही. पहिल्या पानावर दोन नावं.)

पुढच्या वर्षी आकडा कमी ठेवला आहे आणि पुस्तकं जोडीनं घ्यायचं ठरलं आहे. पहिली जोडी 1963 सालची. भालचंद्र नेमाडेंची 'कोसला' आणि सिल्व्हिया प्लाथची 'द बेल जार', जी आधी टोपणनावानं छापली गेली होती. नेमाडे तेव्हा पंचविशीत, प्लाथ तिशीत. दोन्हीकडे शिकायला बाहेर पडलेली हुशार पोरं, दोन्हीकडे आतून ढासळणं. आधी कुठलं वाचायचं यावर गटात अजून एकमत नाही. माझं मत प्लाथला. 'कोसला'चा पांडुरंग सांगवीकर एकदा बोलायला लागला की महिनाभर दुसऱ्या कुणाचं ऐकू देत नाही.