चॅपलची किल्ली कोणाकडे असते?

मागचे लोक जरा पुढे या हो, पुढच्या खुर्च्या रिकाम्या ठेवून सगळे भिंतीला टेकलेले बघितलं की मला चर्चमधली रविवारची प्रार्थना, मिस्सा, आठवते.

मला विषय दिलाय कॅथलिक शाळांमधलं युवा सेवाकार्य आणि श्रद्धेतलं नेतृत्व. नाव भारी आहे, मी त्याचा एक साधा प्रश्न करून आणलाय. तुमच्या शाळेतल्या चॅपलची, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराची, किल्ली कोणाकडे असते? हसताय, पण मी खरंच विचारतोय. फादरांकडे, सिस्टरांकडे, नाहीतर ऑफिसात खिळ्याला. आणि मुलांकडे काय असतं? माईक. मिस्सेत बायबलमधलं पहिलं वाचन मुलं करतात, गाणी मुलं म्हणतात, अर्पणं मुलं आणतात आणि आपण रिपोर्टमध्ये लिहितो की विद्यार्थी नेतृत्व उत्तम चाललंय.

मी पण तेच लिहायचो. दहावीतल्या एका मुलाकडून वाचन बसवून घेतलं होतं, कुठे थांबायचं तिथे पेन्सिलने रेघा मारून दिल्या, चार वेळा प्रॅक्टिस झाली, पोरगं ओळीखाली बोट धरून एकदम झकास वाचून आलं. खाली उतरल्यावर मी विचारलं, काय होतं रे वाचनात? तर म्हणे, सर, तेवढं नाही बघितलं. आता त्याचं काय चुकलं? मी त्याला थांबे शिकवले होते, त्याने थांबे पाळले.

आणि वाचन कुठलं होतं माहितीये? बायबलमधल्या शमुवेलाचं, मंदिरात एली नावाच्या याजकाच्या हाताखाली वाढणाऱ्या मुलाचं. परमेश्वर रात्री त्या मुलाला हाक मारतो आणि मुलाला वाटतं म्हातारा एली बोलावतोय. आपण सगळे या गोष्टीत "बोल, तुझा सेवक ऐकत आहे" इथे थांबतो. मला आवडतो तो एली. त्याची नजर मंदावलीये, स्वतःच्या मुलांना आवरता आलेलं नाही, पण तिसऱ्या वेळी त्याच्या लक्षात येतं की ही हाक आपली नाही, आणि तो म्हणतो जा, परत जाऊन झोप, पुन्हा हाक आली तर असं म्हण. तो मुलासोबत जात नाही, मुलाच्या वतीने उत्तरही देत नाही. याच्यापुढे एक बारीक वाक्य आहे जे मी कित्येक वर्षं वाचूनही पाहिलं नव्हतं. सकाळी उठून शमुवेलाने परमेश्वराच्या घराची दारं उघडली. म्हणजे दारं उघडायचं काम त्या पोराकडे होतं!

बरं, ही काही आजची आयडिया नाही. इटलीतल्या तुरिनमध्ये डॉन बॉस्को हे धर्मगुरू मुलांसाठी वसतिगृह चालवायचे, त्यांच्याकडे डॉमिनिक साव्हियो १८५४ मध्ये आला, बारा वर्षांचा होता. आपण त्याचं चित्र लावतो, हात जोडलेला गोड मुलगा, आणि त्यामुळे त्याने काय केलं ते राहूनच जातं. १८५६ मध्ये त्याने आपल्या मित्रांचा एक गट काढला आणि त्यांनी मुलं वाटून घेतली. नवीन आलेला, घरच्या आठवणीने रडणारा, भांडखोर, प्रत्येकाने एकेक आपल्याकडे घेतला, त्याच्याशी खेळायचं, बोलायचं, गाजावाजा न करता. पुढच्याच वर्षी साव्हियो गेला, पंधरा पण पूर्ण नव्हती. पण १८५९ मध्ये डॉन बॉस्कोंची सलेशियन संस्था उभी राहिली तेव्हा सुरुवातीच्या मंडळींत या गटातली मुलं होती. हे शिक्षकांनी केलं असतं तर त्याला काउन्सेलिंग म्हटलं असतं आणि ते रडणारं पोर आणखी आकसलं असतं, असं माझं मत आहे.

आता माझी चूक सांगतो, कारण दुसऱ्यांच्या गोष्टी सांगणं सोपं असतं. साव्हियो वाचून मला जोर चढला आणि मी अकरावीच्या एका मुलीला चॅपलची किल्ली दिली. दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत वीस मिनिटं प्रार्थना, काय करायचं ते तुम्ही ठरवा म्हटलं. पहिल्या आठवड्यात सहा जणी, मग दहा, मग तीन. तिसऱ्या शुक्रवारी म्हणे कोणीच काही बोललं नाही, नुसतं बसून होते, आणि तिला वाटलं आपण फेल झालो. मी सांगायला हवं होतं की अगं, तीच प्रार्थना. ते मी बोललो नाही, मी तिला गाण्यांची यादी दिली! आणि पाचव्या आठवड्यात मेणबत्ती विझवायची राहिली. वेदीवरच्या कापडाला रुपयाएवढं काळं भोक पडलं, बाकी काही नाही, पण ऑफिसातून मला बोलावणं आलं आणि मी दुपारी जाऊन तिच्याकडून किल्ली परत घेतली. तिने बॅगेतून काढली, तिने त्याला निळी लोकर बांधली होती हरवू नये म्हणून. माझ्या हातात दिली, सॉरी सर म्हणाली आणि त्यानंतर ती कुठल्याच कार्यक्रमाला पुढे आली नाही. वर्गात एखाद्याची प्रयोगाची नळी फुटली तर आपण त्याला सायन्स बंद करत नाही ना, मग इथे का केलं?

नंतर मला कार्डाइन सापडले. बेल्जियमचे धर्मगुरू, सेमिनरीतून, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेतून, सुट्टीला घरी आले तेव्हा कारखान्यात जाणारे शाळेतले दोस्त त्यांच्याकडे परक्यासारखे बघायला लागले, ते त्यांना आयुष्यभर लागलं. १९२५ मध्ये त्यांनी तरुण कामगारांची चळवळ उभी केली, तिची पद्धत तीन शब्दांची, पाहा, पारखा, करा. १९६१ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी आपल्या परिपत्रकात ती उचलून धरली. आपल्या शाळांत यातलं 'करा' तेवढं उरलंय, तेही आपण ठरवलेलं. नाताळात डबे गोळा करा, पोस्टर करा. 'पाहा' म्हणजे मुलांनी स्वतः बघायचं, की आपल्याच वर्गात डबा एकटा कोण खातो, सहलीचे पैसे नाहीत म्हणून आजारी असल्याचं कोण सांगतं. 'पारखा' म्हणजे असं का होतं हे बोलायचं आणि मग सुवार्ता उघडून विचारायचं की येशू इथे असता तर कोणाशेजारी बसला असता. याला वेळ लागतो, पहिले दोन महिने काहीच दिसत नाही, रिपोर्टमध्ये टाकायला फोटो नसतो. पण मूल जे स्वतः बघतं त्याच्यासाठी ते जागचं हलतं. आपण दाखवलेल्या गरिबासाठी ते फक्त डबा आणतं.

नेतृत्व म्हटलं की आपल्याला धीट मुलंच दिसतात, तीच तीच पाच. गप्प मुलांना विचारून बघा. आणि शंका घेणाऱ्याला तर आधी विचारा. रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिरात, एक जण म्हणाला की माझा देवावर विश्वास आहे का मलाच माहीत नाही, तर त्याला बाजूला घेऊन समजावणारे आपण चार जण धावलो. अहो, तिथे आलेल्यांमध्ये खरं बोलणारा तो एकटा होता! दुसऱ्या धर्माची मुलं पण आपल्या शाळेत असतात, त्यांना सेवेच्या कामात पूर्ण जागा द्या, प्रार्थनेत ओढू नका. १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेच्या शिक्षणावरच्या घोषणापत्रात कॅथलिक शाळेचं वातावरण स्वातंत्र्य आणि प्रेमाच्या वृत्तीने भारलेलं असावं असं म्हटलंय, स्वातंत्र्य हा शब्द तिथे उगाच नाही आला.

पोप फ्रान्सिस तर आणखी कडक बोलले. २०१८ च्या सिनडनंतर, म्हणजे बिशपांच्या सभेनंतर, २०१९ मध्ये तरुणांसाठी पत्र काढलं, त्यात म्हणतात की काही कॅथलिक शाळा स्वतःला टिकवण्यासाठीच उभ्या असल्यासारख्या वाटतात, बाहेरच्या चुकांपासून वाचवणारा बंकर. आम्ही हे स्टाफ मीटिंगमध्ये वाचलं तेव्हा कोणी काही बोललं नाही, मग एक मॅडम म्हणाल्या, बंकरची किल्ली पण आतूनच असते नाही का. मला हेवा वाटला, हे मला सुचायला हवं होतं.

सुरक्षिततेचं थोडक्यात. मुलांवर सोपवणं म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडणं नव्हे. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद दारामागे कधीच नको, आणि मेणबत्तीसाठी पाण्याची बादली ठेवा, हे मी अनुभवाने सांगतोय. आणि त्या वीस मिनिटांत आपण कुठेतरी जवळ बसायचं, वह्या तपासत का होईना. मुलं बघतात की सर स्वतः कधी डोळे मिटून बसतात का. नुसतं शिकवणाऱ्यांपेक्षा साक्षीदारांचं लोक ऐकतात, हे पोप पॉल सहावे १९७५ मध्येच सांगून गेले.

त्या मुलीचं विचाराल, तर ती शाळा सोडायच्या दिवशी दाखला घ्यायला आली होती. मी तिला म्हटलं की त्या वेळी माझं चुकलं. ती म्हणाली, सर, तिसऱ्या शुक्रवारी आम्ही गप्प बसलो होतो ना, तो बेस्ट होता. किल्ली यंदापर्यंत माझ्या ड्रॉवरमध्येच होती, लोकरीसकट. यंदा ती नववीच्या दोघांना दिलीये, दोन आठवडे झाले, काल एक जण विचारायला आला की सर, काहीच नाही केलं तर चालेल का. चालेल म्हटलं. आता बोला, कोणाला काही विचारायचंय?