वाळत घातलेल्या किमोनोवरचं कॅलेंडर

नमस्कार श्रोतेहो. जपानी चित्रकार होकुसाईची निळी लाट तुम्ही पाहिली असेलच. वहीच्या पुठ्ठ्यावर, कंपासपेटीवर, नाहीतर मोबाइलच्या कव्हरवर. २०२४ पासून तर ती जपानच्या हजार येनच्या नोटेवरही आहे. एवढी थोर कला आणि ती वहीवर, म्हणून काही जाणकार नाकं मुरडतात. मला विचाराल तर या लाटेसारखी, लाकडी ठशांनी छापलेली जपानी रंगीत चित्रं मुळात स्टेशनरीच्याच घरची.

१७६५ सालची गोष्ट. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, तेव्हा चांद्र पंचांग चाले. कोणता महिना तीस दिवसांचा आणि कोणता एकोणतीस, हे दरवर्षी बदलायचं. पंचांग छापायचा हक्क मात्र मोजक्यांनाच. मग पैसेवाल्या हौशी रसिकांनी युक्ती काढली. सुझुकी हारुनोबूसारख्या चित्रकारांकडून चित्र करून घ्यायचं, त्यात महिने दडवायचे आणि ते मित्रांत वाटायचं. हारुनोबूच्या एका चित्रात पावसाची सर येते, वाळत घातलेला किमोनो काढायला एक बाई धावते, आणि त्या वर्षीचे मोठे महिने त्या किमोनोच्या नक्षीत! शोधा म्हणजे सापडेल.

या चढाओढीत रंग वाढत गेले. एकेका रंगाला चेरीच्या लाकडाचा वेगळा ठसा. ठशावर कोरलेल्या दोन खाचांना कागद नेमका टेकवायचा, म्हणजे रंग जागा सोडत नाही. छापायला यंत्र नाहीच. बांबूच्या कोंबाच्या सालीत गुंडाळलेली चपटी गादी कागदाच्या पाठीवर घासायची. पुढे प्रकाशकांनी महिने काढून टाकले आणि तीच चित्रं बाजारात आणली.

कागदाशी नातं मात्र तुटलं नाही. पत्राचे कागद, पाकिटं, नक्षीचे 'चियोगामी' कागद ठशांनी छापले जातच राहिले. टोकियोतलं हाइबारा हे कागदाचं दुकान १८०६ पासूनचं, चियोगामीसाठी प्रसिद्ध असलेलं इसेतात्सु १८६४ पासूनचं. १९१४ मध्ये ताकेहिसा युमेजी या चित्रकारानं तर आपल्या पत्रकागदांचं, पाकिटांचं दुकानच थाटलं. लाटेचा मला आता थोडा कंटाळा आलाय. भांगेच्या पानांची ती चांदणीसारखी जपानी नक्षी पाहा, वहीवर ती जास्त शोभते.

आज दुकानात मिळतो तो बहुतेक माल यंत्रावर छापलेला असतो, त्यात गैर काही नाही. पण हातछपाई म्हणून जादा पैसे मागितले, तर कागद उलटा करून बघा. पाठीमागे रंग झिरपलेला आणि घासल्याच्या खुणा दिसतात का, ते पाहा आणि मगच पैसे मोजा.