ढकलता येतं, ओढता येत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या आगेमागे तुम्ही लातूरच्या मोंढ्यात गेला असाल, तर सोयाबीनची आवक काय असते ते मी सांगायला नको. आडतीपुढं ट्रॅक्टरांची रांग, काट्यावर मापाडी आणि हमालांच्या पाठीवर कट्टे. माझे वडील त्या मोंढ्यात तीस वर्षं हमाल होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. कट्टा उचलण्यापेक्षा थप्पी लावणं अवघड, असं ते नेहमी सांगायचे. उचलायला अंगात बळ असलं की भागतं. थप्पी लावायला मात्र उद्या कोणता माल आधी निघणार हे आज कळावं लागतं. तूर मागं गेली, तिच्यापुढं हरभरा लागला आणि सकाळी तुरीचाच ट्रक दारात येऊन उभा राहिला, की अख्खी थप्पी हलवायची. त्या हलवण्याची हमाली कोणी देत नाही.

हे आज आठवायचं कारण एक व्हिडिओ गेम आहे. त्याचं नाव सोकोबान. शब्द जपानी आहे, अर्थ गोदामाचा राखणदार. आपण वखारवाला म्हणू. हिरोयुकी इमाबायाशी यांनी 1981 साली तो रचला आणि 1982 साली थिंकिंग रॅबिट या जपानी कंपनीनं तो बाजारात आणला. तेव्हा त्यात 20 लेव्हल होत्या. पुढं जगभरच्या हौशी लोकांनी हजारो रचल्या. आज साध्यातल्या साध्या मोबाइलवरही तो चालतो.

नियम इतके थोडे आहेत, की मी आत्ता बोलता बोलता सांगते. वरून पाहिल्यासारखं एक गोदाम दिसतं, चौकटी चौकटींचं. त्यात भिंती, काही पेट्या आणि पेट्या जितक्या, तितक्याच खुणेच्या जागा. एक माणूस आहे. त्याला चारी दिशांना चालता येतं. पेटीच्या मागं उभं राहून ती एक घर पुढं ढकलता येते. ओढता येत नाही. दोन पेट्या एकदम ढकलता येत नाहीत. सगळ्या पेट्या खुणांवर पोचल्या, की लेव्हल सुटली. बस, एवढंच. घड्याळ नाही, शत्रू नाही, फासे नाहीत.

फासे नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1984 साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह यांनी टेट्रिस केला. तोही सुंदर खेळ, पण ठोकळे वरून येतच राहतात, वेग वाढत जातो आणि शेवटी परीक्षा हाताच्या चपळाईची होते. 2014 मध्ये गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलानं केलेला 2048 तुमच्यापैकी पुष्कळांनी खेळला असेल. त्यात नवा आकडा कुठल्या घरात उगवेल ते आपल्या हाती नसतं. सोकोबानमध्ये सगळं पहिल्यापासून डोळ्यांसमोर उघडं असतं. लपवलेलं काही नाही, नंतर येणारं काही नाही. तरीही माणूस चार-चार दिवस एका लेव्हलवर बसून राहतो. का बसतो, ते मला एका मुलीमुळं कळलं.

मी औसा तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. आमच्याकडचा संगणक बंद पडलेला होता, म्हणून मी वर्गाच्या शहाबादी फरशीवर खडूनं चौकटी आखल्या, आगपेट्या ठेवल्या आणि खुणेसाठी चिंचोके मांडले. माणूस म्हणून एक खोडरबर. सातवीची पोरं गुडघ्यावर बसून गोल करून वाकली. पहिल्याच मिनिटाला एकानं आगपेटी ढकलत कोपऱ्यात नेली आणि तिथं चिंचोका नव्हता. आता ती काढायची कशी? कोपऱ्यातल्या पेटीच्या मागं उभं राहायला जागाच नाही, दोन्हीकडं भिंत. पेटी गेली ती गेली. सगळी पोरं एका सुरात ओरडली, "अडकली!"

मग त्यांनी पुन्हा मांडलं. या वेळी कोपरा टाळला, पण एक पेटी भिंतीला लावली. भिंतीला लागलेली पेटी भिंतीलगतच सरकते, तिला भिंतीपासून सुटं करता येत नाही. त्या भिंतीलगत खूण नसेल, तर तीही गेलीच म्हणायची. पण हे लगेच दिसत नाही. पेटी हलत असते, माणूस फिरत असतो, बाकीच्या पेट्या जागेवर जात असतात. पंधरा-वीस चाली झाल्यावर शेवटची पेटी उरली आणि ती काही जागेवर जाईना. पोरं भांडायला लागली. शेवटची चाल खेळलेल्या पोराला सगळे बोलायला लागले. तेव्हा मागं उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, ती आत्ता नाही अडकली. मघाशीच अडकली होती. आपल्याला दिसलं नव्हतं."

श्रोतेहो, मी बारा वर्षं गणित शिकवते. उदाहरण चुकलं की मुलं शेवटची ओळ खोडून पुन्हा लिहितात, हे रोज बघते. चूक तिसऱ्या ओळीत असते आणि रबर फिरतं नवव्या ओळीवर. किती वेळा सांगितलं तरी ते मनात उतरत नाही. त्या दिवशी मात्र सगळा वर्ग फरशीवर एकेक चाल उलटी लावत मागं गेला. ही नाही, हिच्याआधीची. हीपण नाही. सहाव्या चालीपाशी ते थांबले. पेटी भिंतीला टेकली ती तिथंच. ती जागा सापडल्यावर त्यांच्या तोंडावर जो आनंद होता, तो लेव्हल सुटल्याच्या आनंदापेक्षा मोठा होता. त्या आनंदासाठीच माणूस या खेळाकडं परत परत येतो, असं माझं ठाम मत आहे.

वरून बाळबोध दिसणारा हा खेळ किती खोल आहे, ते विद्वानांनीही तपासलं आहे. 1997 साली डीप ब्ल्यू या संगणकानं बुद्धिबळाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं. त्याच वर्षी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे जोसेफ कल्बर्सन यांनी सिद्ध केलं, की सोकोबान हा संगणकशास्त्रातल्या अतिशय कठीण प्रश्नांच्या वर्गात बसतो. म्हणजे कसा? गोदाम थोडं वाढवलं, की शक्यता इतक्या भराभर वाढतात, की कुठल्याही मांडणीचं उत्तर झटपट काढून देईल अशी पद्धत आजवर कोणाला सापडलेली नाही. 90 लेव्हलची एक मालिका जगभर खेळली जाते. तिच्या पहिल्याच लेव्हलमध्ये फक्त 6 पेट्या आहेत, आणि कमीत कमी ढकलून सोडवायची म्हटलं तरी 97 वेळा ढकलावं लागतं. आधी विचार करून मग चाल करणारा संगणक घडवायचा, म्हणून 2017 मध्ये लंडनच्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीनं आपले प्रयोग याच खेळावर केले. पुढचं पाऊल टाकण्याआधी दहा पावलं मनात टाकावी लागतात, आणि मागं येता येत नाही. संगणकाला अवघड जातं ते हेच.

आता आण्णांकडं येते. त्यांची पाठ गेली आहे, मोंढा सुटला आहे. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या हातात मोबाइल दिला आणि खेळ दाखवला. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी बराच वेळ नुसतं बघितलं. मग विचारलं, "ओढता येत नाही?"

"नाही."

"मग आधी दाराजवळचं हलवायचं नसतंय."

एकाही पेटीला हात न लावता ते हे म्हणाले. दाराशी एकच घर रुंद वाट होती, आणि माझ्यासकट बहुतेक जण तिथंच पहिली पेटी आणून ठेवतात.

चाल मागं घ्यायचं बटण मी त्यांना शिकवलं. ते त्यांना पटलं नाही. "पाठीवरनं उतरवलेला कट्टा आपोआप पाठीवर येत नसतोय," म्हणाले. त्यामुळं चुकलं की ते लेव्हल पहिल्यापासून मांडतात आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत चाली मोजतात. आई जेवायला हाक मारते, ते "आलो" म्हणतात आणि उठत नाहीत.

परवा रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. मला वाटलं, तब्येत बिघडली. तर ते म्हणाले, "बाई, सतराव्या चालीला दोन पेट्या भिंतीला एकमेकींशेजारी लागल्यात. दोन्ही अडकून बसल्या. पण मी सोळावीपर्यंत नीट होतो, म्हणून तुला विचारालो. ह्याच्याही आधी काही चुकलं असंल का?"

मी कागदावर चौकटी आखल्या, त्यांनी फोनवरून एकेक चाल सांगितली. अकरावीपाशी ते मधेच थांबले, म्हणाले, "थांब, थांब. सांगू नको."

आणि फोन ठेवला.